पूर्ण आल्याचे कोण सांगणार?

शेड्युलरवर चालणाऱ्या सगळ्या जॉबमध्ये फाइलची वाट पाहणारा जॉब सर्वांत साधा समजला जातो. त्याला आकडेमोड करायची नसते, डेटाबेसला हात लावायचा नसतो, कोणाच्या खात्यात पैसे जमा करायचे नसतात. ठरलेल्या डिरेक्टरीत ठरलेल्या नावाची फाइल दिसली की आपण ‘यशस्वी’ म्हणून संपायचे आणि मागे खोळंबलेल्या जॉबना वाट मोकळी करून द्यायची, एवढेच त्याचे काम. म्हणून सपोर्ट टीममध्ये नव्याने आलेल्या माणसाकडे हे काम पहिल्याच आठवड्यात येते. जुन्या जॉबची नक्कल करायची, फाइलचे नाव बदलायचे, की झाले. पुढील पानांत या जॉबच्या सेटिंग आणि त्यांचे परिणाम तपशिलाने येणार आहेत. त्याआधी मला एक गोष्ट पटवून द्यायची आहे, कारण ती पटली नाही तर त्या सगळ्या सेटिंग पाठ होऊनही उपयोग नाही. फाइल आली का, हा या जॉबपुढचा खरा प्रश्न नाहीच. ती पूर्ण आली का, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर फाइलकडे लांबून पाहणाऱ्याला देता येत नाही. ते फाइल जिथे जन्मली तिथूनच यावे लागते. वाट पाहणाऱ्या जॉबची मांडणी म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्यातला करार असतो, आणि आज असे बहुतेक जॉब एकाच पक्षाने लिहिलेले असतात.

या विषयाची सुरुवात मँचेस्टरपासून करण्याला दोन कारणे आहेत. एक कारण आजचे आहे. उत्तर इंग्लंडातल्या बँका, विमा कंपन्या, दुकानांच्या साखळ्या यांच्या रात्रीच्या बॅचवर नजर ठेवणाऱ्यांत पुण्यात बसलेली आणि तिकडे स्थायिक झालेली मराठी मंडळी मोठ्या संख्येने आहेत. ‘फाइल आली का?’ हा प्रश्न हिंजवडीतून मँचेस्टरला आणि तिथून परत असा रोज मराठीतही विचारला जातो. दुसरे कारण जुने आहे आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. संगणकाने एखादे काम सुरू करण्याआधी त्याला लागणारी सगळी सामग्री येऊन पोचली आहे का हे स्वतः तपासावे, ही कल्पना नीट विचार करून जिथे प्रत्यक्षात उतरली त्या अगदी पहिल्या जागांपैकी एक मँचेस्टर विद्यापीठ आहे. २१ जून १९४८ रोजी याच विद्यापीठात स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारे जगातले पहिले इलेक्ट्रॉनिक यंत्र चालले. ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतर चौदा वर्षांनी, ७ डिसेंबर १९६२ रोजी, तिथेच अ‍ॅटलास या यंत्राचे उद्घाटन झाले, आणि शेड्युलिंगच्या इतिहासात ही दुसरी तारीख पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

अ‍ॅटलास हे टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनी मिळून घडवलेले यंत्र. त्याचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव होते सुपरव्हायझर. किलबर्न, डेव्हिड हॉवर्थ, पेन आणि समनर यांनी १९६१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे ऑपरेटिंग सिस्टिमचे अभ्यासक पेर ब्रिंच हॅन्सन यांनी या क्षेत्रातली सर्वांत मोठी झेप म्हणून त्याचा गौरव केला. सुपरव्हायझरच्या दृष्टीने काम म्हणजे एक जॉब, आणि जॉब म्हणजे एक किंवा अनेक ‘डॉक्युमेंट’. प्रोग्रॅम एका कागदी टेपवर असेल, आकडे दुसऱ्या टेपवर किंवा कार्डांच्या गठ्ठ्यात असतील; ते कोणत्याही क्रमाने, वेगवेगळ्या रीडरमधून आत आले तरी चालत असे. प्रत्येक डॉक्युमेंटच्या सुरुवातीला त्याचा प्रकार आणि शीर्षक असे, आणि शेवटी तीन तारका व त्यापुढे एक अक्षर अशी समाप्तीची खूण असे. आत येणारा मजकूर ‘इनपुट वेल’ या साठ्यात जमा होई. जॉबच्या वर्णनात नोंदवलेले प्रत्येक डॉक्युमेंट पूर्ण आल्याशिवाय तो जॉब चालवण्याच्या यादीत जातच नसे. याच वर्णनात जॉबला किती वेळ लागावा आणि त्याने किती छपाई करावी याच्या मर्यादाही लिहिता येत, आणि मर्यादा ओलांडणारा जॉब सुपरव्हायझर थांबवत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर फाइलचे नाव, पूर्णतेची खूण, अनेक फाइलींवरचे अवलंबित्व आणि वेळेची मर्यादा या चारही गोष्टी साठ वर्षांपूर्वीच्या त्या यंत्रात होत्या. माझा सगळा भर त्या समाप्तीच्या खुणेवर आहे. टेप फिरायची थांबली म्हणजे डॉक्युमेंट संपले, असे सुपरव्हायझरने कधी गृहीत धरले नाही. टेप मध्येच तुटू शकते, रीडर अडकू शकतो, ऑपरेटर चहाला जाऊ शकतो. ज्याने टेप पंच केली त्याने ‘माझे सांगून झाले’ असे लिहिल्यावरच ते झाले.

आता आजच्या शेड्युलरकडे पाहू. ऑटोसिसमध्ये फाइल वॉचर प्रकारच्या जॉबला मुख्यतः तीन गोष्टी सांगतात: कोणती फाइल पाहायची, ती कमीत कमी किती बाइटची असावी, आणि किती सेकंदांच्या अंतराने पाहायचे. अंतर सांगितले नाही तर साठ सेकंद धरले जाते. फाइल त्या किमान आकाराची झाली आणि लागोपाठच्या दोन पाहण्यांत तिचा आकार बदलला नाही, की जॉब तिला पूर्ण समजतो. कंट्रोल-एमच्या वॉचरचा विचारही याच दिशेने जातो. तिथे आकार स्थिर आहे हे किती वेळा पडताळायचे ते ठरवता येते. युनिक्सवर फाइलचे नाव पहिला बाइट लिहिण्याआधीच डिरेक्टरीत दिसू लागते, त्यामुळे नुसते नाव पाहून पुढे जाणे धोक्याचे, म्हणून आकाराची ही युक्ती निघाली आणि ती बऱ्याच वेळा चालते. पण ती कशावर उभी आहे ते पाहा. लिहिणारा थांबला आहे म्हणजे त्याचे लिहून झाले आहे, या समजुतीवर. दोन गावांमधली लाइन नव्वद सेकंद रेंगाळली आणि वॉचर साठ सेकंदांनी पाहत असला, तर अर्धी फाइल पूर्ण ठरू शकते. पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम मोठ्या बफरमध्ये मजकूर साठवून थांबून थांबून लिहीत असेल, तरी तेच. काही कॉपी करणारी साधने, विशेषतः विंडोजवर, फाइलची संपूर्ण जागा आधीच राखून ठेवतात. तिथे तर पहिल्या क्षणापासून आकार पूर्ण आणि स्थिर दिसतो, आत मात्र मजकूर अजून पोचलेला नसतो. अंतर वाढवले तर धोका कमी होतो, संपत नाही, आणि त्या बदल्यात रोज रात्री प्रत्येक फाइलमागे काही मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. किमान आकाराच्या सेटिंगचीही हीच गत आहे. ती शून्य बाइटची फाइल अडवते, पण सोमवारची फाइल शनिवारच्या फाइलच्या दहापट असते तिथे एकच किमान आकार दोन्हींना लागू कसा करायचा?

तरीही हे तांत्रिक दोष मला दुय्यम वाटतात, कारण त्यांवर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. पाठवणाऱ्याने फाइल तात्पुरत्या नावाने लिहावी आणि लिहून झाल्यावर तिचे खरे नाव ठेवावे. एकाच फाइल सिस्टिमवर नाव बदलणे ही अविभाज्य क्रिया असते. पाहणाऱ्याला एक तर जुने नाव दिसते किंवा नवे, अर्धवट स्थिती दिसतच नाही. फाइल सिस्टिम वेगळी असेल तर मात्र ‘नाव बदलणे’ म्हणजे पुन्हा नक्कल करणेच होते आणि सगळा फायदा जातो. ही बारीक गोष्ट बहुतेक ठिकाणी कोणी तपासत नाही. दुसरा उपाय म्हणजे मुख्य फाइलमागोमाग एक छोटी खुणेची फाइल पाठवणे आणि वॉचरने तिचीच वाट पाहणे. दोन्हींत अ‍ॅटलासच्या समाप्तीच्या खुणेचे तत्त्व परत येते. पण याहून खोल असा एक अपुरेपणा आहे. त्यात फाइल पूर्ण लिहिली गेलेली असते, पूर्ण पोचलेली असते, उघडते, वाचता येते, आणि तरीही ती अपुरी असते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण ज्या घटनेत मिळते तिची झळ मँचेस्टरला बसली.

२०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या चाचण्या करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आपले निकाल साध्या मजकूर फाइलींच्या रूपात पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेकडे पाठवत होत्या. तिथे एक स्वयंचलित प्रक्रिया ते निकाल एक्सेलच्या साच्यात भरून पुढच्या केंद्रीय यंत्रणेकडे देत असे. तो साचा एक्सेलच्या जुन्या स्वरूपाचा होता, ज्यात एका पानावर ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत, आणि एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत असल्याने एका साच्यात सुमारे १,४०० रुग्णच बसत होते. रुग्ण वाढले तशा उरलेल्या ओळी मुकाट्याने गळू लागल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून आणि, त्याहून गंभीर म्हणजे, संपर्कातल्या लोकांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेच्या यादीतून गळाले. रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. त्यांच्या सहवासात आलेल्यांना मात्र कोणी कळवले नाही. हे रुग्ण जमेस धरल्यावर मँचेस्टरचे चित्रच बदलले: १ ऑक्टोबरला संपलेल्या आठवड्यात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४९५ रुग्ण, आधीच्या आठवड्यात सुमारे २२३. या विलंबाचा संसर्गाच्या प्रसाराशी असलेला संबंध थिएमो फेत्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अभ्यासून मांडला. आता विचार करा, या साखळीत कोणताही फाइल वॉचर लावला असता तर त्याने काय सांगितले असते? फाइल वेळेवर आली. नाव बरोबर. किमान आकारापेक्षा कितीतरी मोठी. आकार स्थिर. नाव बदलण्याची काळजी घेतली असती, चेकसम जोडला असता, तरीही सगळे हिरवेच दिसले असते, कारण चेकसम फाइल वाटेत बिघडली नाही एवढेच सांगतो; ती तयार होतानाच अपुरी झाली असेल तर तो त्या अपुरेपणाचीच इमानाने ग्वाही देतो. तो फरक उघड करणारी एकच गोष्ट होती: प्रयोगशाळेने ‘मी आज इतके निकाल पाठवले’ असा आकडा सोबत देणे आणि साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला तो ताडून पाहणे. मधल्या टप्प्याने मोजलेला आकडा इथे कामाचा नाही, कारण चूक मधल्या टप्प्यानेच केली होती.

हे तत्त्व नवे नाही आणि संगणकवाल्यांचेही नाही. मार्केट यार्डात ट्रक दारात येऊन उभा राहिला म्हणजे माल आला असे कोणताही जाणता कारकून धरत नाही. तो बिल्टी मागतो आणि बिल्टीवरचे नग मोजून घेतो, आणि ती बिल्टी माल जिथे भरला तिथे लिहिलेली असते. ब्रिटनमधल्या पैशांच्या व्यवहारांनी हे शिस्तीने अंगी बाणवले. पगार, पेन्शन, मासिक हप्ते ज्या बॅक्स यंत्रणेतून जातात तिची सुरुवात १९६८ ची. तिच्या ‘स्टँडर्ड १८’ या फाइल स्वरूपात सुरुवातीला ओळख सांगणाऱ्या ओळी असतात आणि शेवटी एक अशी ओळ असते जिच्यात नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंची एकूण रक्कम व व्यवहारांची संख्या लिहिलेली असते. मधल्या ओळींची बेरीज त्या शेवटच्या ओळीशी जुळली नाही तर फाइल पूर्ण मानली जात नाही. १८७२ पासून मँचेस्टरमध्ये पाय रोवून असलेल्या को-ऑपरेटिव्ह बँकेपासून ते एखाद्या छोट्या कंपनीच्या पगार विभागापर्यंत सगळ्यांना तोच नियम. चुंबकीय टेपच्या काळातली ही पद्धत आजही टिकून आहे, कारण तिने पूर्णतेचा प्रश्न फाइल बनवणाऱ्याकडूनच सोडवून घेतला. आरोग्य खात्याच्या फाइलींना हे लागू नव्हते, पगाराच्या फाइलींना होते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. पैशांचा हिशेब चुकला तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी दारात येऊन भांडतो; आपला संपर्क बाधित माणसाशी आला होता हे ज्याला कळलेच नाही तो भांडायला येणार कसा? म्हणून ज्या फाइलीतली चूक कोणालाच जाणवणार नाही, त्या फाइलीला समाप्तीच्या आकड्याची गरज सर्वांत जास्त असते.

पूर्णतेच्या पाठोपाठ करारातले दुसरे मोठे कलम येते ते वेळेचे, आणि मँचेस्टर-पुणे साखळीत बहुतेक खोटे अलार्म इथूनच निघतात. ब्रिटनमध्ये घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जाते. भारतात ते हलत नाही. त्यामुळे दोन्हींमधले अंतर उन्हाळ्यात साडेचार तासांचे आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचे असते. तिकडे रात्री साडेदहाला निघणारी फाइल इकडे जुलैत पहाटे तीनला पोचते, डिसेंबरमध्ये चारला. ज्याने जुलैत पहाटे साडेतीन ही मुदत घातली त्याच्या जॉबवर नोव्हेंबरपासून रोज अलार्म वाजणार, आणि आठवड्याभरात शिफ्टवरचे लोक तो न वाचताच बंद करायला शिकणार. फाइलच्या नावातल्या तारखेचा घोळ याहून वाईट. मँचेस्टरमध्ये ३० सप्टेंबरच्या रात्री दहाला बनलेल्या फाइलीच्या नावात ३० तारीख असते. त्या क्षणी पुण्यातल्या घड्याळात १ ऑक्टोबरचे अडीच वाजलेले असतात. वॉचर ज्या सर्व्हरवर चालतो त्याची वेळ भारतीय असेल तर तो १ तारखेच्या नावाची वाट पाहत बसतो, फाइल डोळ्यांसमोर असूनही. ऑक्टोबरच्या त्या रविवारी तर ब्रिटनमध्ये एक ते दोन हा तास दोनदा येतो, आणि मार्चमध्ये तो येतच नाही. करारात म्हणून ‘आजची फाइल’ असे शब्द नसावेत. कोणत्या व्यवहार दिवसाची फाइल, तो दिवस कोणत्या शहराच्या घड्याळाने मोजायचा, हे लिहिलेले असावे. सुट्ट्यांचे कॅलेंडर हाही याचाच भाग. पाठवणारे कार्यालय एडिनबरात आणि घेणारे मँचेस्टरमध्ये असेल तर २ जानेवारीला स्कॉटलंडमध्ये सुट्टी असते, इंग्लंडमध्ये नसते. ऑगस्टची बँक सुट्टी स्कॉटलंडमध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणि इंग्लंडमध्ये शेवटच्या सोमवारी येते. ज्याची फाइल, त्याचे कॅलेंडर. घेणाऱ्याने स्वतःचे कॅलेंडर लावले तर वर्षातून दोन-तीन रात्री सगळे बरोबर असूनही सगळे चुकलेले दिसते.

या मांडणीवर पहिला आक्षेप प्रत्यक्ष काम करणारे लोक घेतील, आणि तो वजनदार आहे. पाठवणारा आमच्या हातात नाही, असे ते म्हणतील. पलीकडे एखादी दुसरी कंपनी असते, वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम असतो, तो लिहिणारे केव्हाच निवृत्त झालेले असतात. ‘शेवटी एक ओळ वाढवा’ असे सांगायचे तर सहा महिन्यांची मंजुरी आणि खर्चाचा कागद लागतो. हे खरे आहे. पण यातून निष्पन्न एवढेच होते की अशा फाइलीच्या बाबतीत आपण अंदाजाने काम चालवतो आहोत. अंदाज सुरक्षित आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि अंदाजही चांगला-वाईट असतो. पाठवणाऱ्याने मुद्दाम दिलेली नसली तरी पूर्णतेची खूण पुष्कळदा फाइलीतच सापडते. जीझिपने दाबलेल्या फाइलीच्या शेवटच्या आठ बाइटमध्ये मूळ मजकुराचा पडताळा आणि लांबी लिहिलेली असते, त्यामुळे ती मध्येच तुटली तर चाचणीत लगेच उघड होते. एक्सएमएल फाइलीचा सुरुवातीचा टॅग शेवटी बंद व्हायलाच हवा. काहीच नसेल तर आधीच्या त्याच वाराच्या फाइलींशी ओळींची संख्या ताडून पाहता येते. आकार स्थिर झाल्यावर लगेच पुढे न जाता ही एक तपासणी करणारा छोटा जॉब वॉचरनंतर लावणे कोणाच्याही मंजुरीशिवाय जमते. फक्त हे उपाय करताना, हा तात्पुरता टेकू आहे अशी नोंद जॉबच्या वर्णनात करायला विसरू नये. नाहीतर दोन वर्षांनी येणारा माणूस टेकूलाच खांब समजतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: इतक्या तपासण्या लावल्या तर बॅच उशिरा संपेल, खोटे अलार्म वाढतील, आणि रात्रपाळीतला माणूस वैतागून जॉब फोर्स-स्टार्ट करेल. यातली शेवटची भीती मला सर्वांत खरी वाटते. पण माणूस फोर्स-स्टार्ट केव्हा करतो? अलार्म त्याला फक्त ‘फाइल आली नाही’ एवढेच सांगतो तेव्हा. फाइल आलीच नाही, आली पण अपुरी आहे, पूर्ण आहे पण कालच्या तारखेची आहे, किंवा तीच फाइल दुसऱ्यांदा आली आहे, या चार वेगळ्या परिस्थिती आहेत आणि प्रत्येकीत करायची गोष्ट वेगळी आहे. शेवटच्या परिस्थितीत फोर्स-स्टार्ट म्हणजे तोच पगार दोनदा. पाठवणाऱ्याकडून आकडा आलेला असेल तर अलार्मला नेमके बोलता येते: अपेक्षित ओळी इतक्या, मिळालेल्या इतक्या. असा अलार्म वाचायला पाच सेकंद लागतात आणि त्यावर वाद होत नाही. उशिराबद्दल बोलायचे तर हिशेब उलटा आहे. आकार स्थिर होण्याची वाट पाहण्यात प्रत्येक फाइलमागे जो वेळ जातो तो खुणेची फाइल किंवा नाव बदलण्याची पद्धत आली की वाचतो, कारण मग पाहिल्या क्षणी पुढे जाता येते.

तिसरा आक्षेप तरुण अभियंत्यांचा असतो: फाइलींचे दिवस संपले, आता घटना घडता घडता संदेश येतात, मग फाइलची वाट पाहण्याच्या शास्त्रात कशाला शिरायचे? फाइली संपलेल्या नाहीत, पण तो मुद्दा मी बाजूला ठेवतो. संदेशांच्या प्रवाहात पूर्णतेचा प्रश्न सुटत नाही. तो अधिक अवघड होतो. दिवसअखेरचा हिशेब करायचा झाला की ‘आजचे सगळे संदेश आले का?’ हे विचारावेच लागते, आणि प्रवाहाला स्वतःचा शेवट नसतो. अमुक वेळेपर्यंतचे सगळे आले असे धरून चालण्याची जी खूण प्रवाह हाताळणारी साधने वापरतात, तीही पुष्कळदा अंदाजावर बेतलेली असते आणि उशिरा येणाऱ्या संदेशांसाठी वेगळी सोय ठेवावी लागते. दिवस बंद झाल्याचे आणि त्यात किती व्यवहार झाले याचे सांगणे तिथेही मूळ व्यवहार करणाऱ्याकडूनच यावे लागते. फाइलीच्या बाबतीत जो हा प्रश्न नीट शिकला तो प्रवाहाच्या बाबतीत योग्य जागी बोट ठेवतो.

शेड्युलर ही मागच्या खोलीतली, फारशी कोणी दखल न घेण्याची यंत्रणा आहे, असा समज ब्रिटनमध्ये जून २०१२ मध्ये पुसला गेला. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात बॅच शेड्युलरच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल मागे घेताना सगळी रात्रीची प्रक्रिया कोलमडली. नॅटवेस्ट, आरबीएस आणि अल्स्टर बँकेच्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याचा फटका बसला, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. तिथले कारण फाइल वॉचर नव्हते, आणि ते तसे होते असे मी सुचवत नाही. पण नियामकांनी जबाबदारी संस्थेवरच ठेवली, हे आपल्या विषयाला लागू आहे. वाट पाहणाऱ्या जॉबच्या सेटिंग आज शिफ्टवरचा कनिष्ठ अभियंता ठरवतो, आणि त्यांतली एक सेटिंग तरी त्याने ठरवावी अशी नाहीच. मुदत संपली आणि फाइल आली नाही, तर पुढे काय? थांबायचे, कालच्या फाइलीवर चालायचे, की त्या फाइलीशिवायच बॅच पूर्ण करायची? दुकानांच्या साखळीत कालच्या किमतींवर आजचा दिवस काढता येतो. विम्याच्या दाव्यांत कालची यादी पुन्हा चालवली तर पैसे दोनदा जातात. रुग्णांच्या यादीत कालचे आकडे आजचे म्हणून पुढे सरकवणे कोणत्याही परिस्थितीत मान्य होणार नाही. हे उत्तर ज्याचा व्यवहार आहे त्या विभागाने दिवसाउजेडी, लेखी, नावानिशी द्यायचे आहे, आणि जॉबच्या वर्णनात पाठवणाऱ्याच्या संपर्काशेजारी ते नोंदवायचे आहे. पुढच्या पहिल्या प्रकरणात त्यासाठी एक नमुना तक्ता दिला आहे. त्यातला ‘निर्णय कोणाचा’ हा रकाना भरला जाईपर्यंत जॉब प्रॉडक्शनमध्ये नेऊ नये, अशी माझी शिफारस आहे.